संहिता आणि समुद्र

निसर्गलेखनाच्या अभ्यासकांना गॅविन मॅक्सवेल आठवतो तो ‘रिंग ऑफ ब्राइट वॉटर’ (१९६०) या पाणमांजरांवरील पुस्तकामुळे. त्याच मॅक्सवेलने दुसऱ्या महायुद्धानंतर स्कॉटलंडच्या सोए बेटावर बास्किंग शार्क मारून तेल काढण्याचा धंदा मांडला होता. तो फसला, त्याविषयीचे ‘हार्पून ॲट अ व्हेंचर’ १९५२ साली आले. लेखकाच्या हातातला भाला गळून पडला आणि डोळ्यांत ममता आली, असा या प्रवासाचा सोयीस्कर अर्थ आपण लावतो.

हेब्रिडीज बेटांचा इतिहासही आपण तसाच वाचतो. हॅरिस बेटावर १९०४ साली नॉर्वेजियनांनी देवमाशांचे तेल काढण्याचे केंद्र उभारले. त्याचे विटांचे धुराडे आजही उभे आहे. आता मल बेटावरील टोबरमोरी बंदरातून मिंकी देवमासे आणि डॉल्फिन पाहायला नावा निघतात. शिकार संपली, दर्शन सुरू झाले. पण भाला टाकला म्हणजे हावही टाकली, असे होते काय?

मला तसे वाटत नाही. पाठलाग करणारी नाव आणि शिकारी नाव यांच्यातले अंतर आपण मानतो तेवढे मोठे नाही. स्कॉटलंडच्या २००४ सालच्या निसर्गसंवर्धन कायद्याने या प्राण्यांना जाणूनबुजून वा बेफिकिरीने त्रास देणे गुन्हा ठरवले. त्याच कायद्यातून सागरी वन्यजीव पाहण्याची संहिता आली. वेग कमी आणि एकसारखा ठेवा, थेट अंगावर जाऊ नका, कळप फोडू नका, आई आणि पिल्लू यांच्यामध्ये शिरू नका, थोडा वेळ थांबून निघून जा. जवळ यायचे की नाही, हे त्या प्राण्याला ठरवू द्या. मराठीत नियमावली आणि साहित्यकृतीचा पाठ या दोहोंना ‘संहिता’ हा एकच शब्द आहे. चांगला वाचकही संहितेवर झडप घालत नाही. ती जे देईल ते घेतो.

यावर आक्षेप येईल की समुद्रात विष कालवले जात असताना नावेच्या वेगाची चर्चा क्षुल्लक आहे. आक्षेप गंभीर आहे. जानेवारी २०१६ मध्ये टायरी बेटावर ‘लुलू’ ही ऑर्का मादी दोरखंडात अडकून मेलेली सापडली. तिच्या चरबीतील पीसीबी या औद्योगिक रसायनाचे प्रमाण ऑर्कांमध्ये आढळलेल्या सर्वाधिक प्रमाणांपैकी एक होते. तिला कधीच पिल्लू झालेले नव्हते. तिच्या लहानशा समूहातील जॉन को आणि अक्वेरियस हे दोन नरच त्यानंतर दिसत राहिले. नावेचा वेग कमी करून हा वंश वाचणार नाही.

परंतु ही शोकांतिका आपल्याला कळली कशी? नावाडी, प्रवासी आणि संशोधक यांनी वर्षानुवर्षे नोंदी ठेवल्या, छायाचित्रांतील पाठपंखांच्या खुणांवरून एकेका प्राण्याची ओळख पटवली, म्हणून. संयमाने पाहणारा साक्षीदार होऊ शकतो. झडप घालणाऱ्याजवळ उरते केवळ छायाचित्र.

गोव्याच्या किनाऱ्यावर ‘डॉल्फिन दिसला नाही तर पैसे नाहीत’ अशी हमी देणाऱ्या सहली असतात. या हमीमुळेच नाव डॉल्फिनच्या मागे धावते. तेव्हा जबाबदारी नावाड्याआधी प्रवाशाची आहे. काहीही न दिसता परतण्याची तयारी ठेवून त्याने नावेत पाऊल टाकावे आणि तरीही नावाड्याच्या हातावर पूर्ण भाडे ठेवावे.