पाणी कुणाचं, मत कुणाचं

मी गोदीकामगार. त्यामुळे लिव्हरपूल म्हटलं की मला उगाच आपुलकी वाटते. आमच्या मुंबईतला कापूस कधीकाळी त्या गोदीत उतरायचा. तिथं गोणी वाहणारा तो गोरा माझा भाऊ, असं मी मानत आलो. पण या वेळी त्या भावाबद्दल वाईट लिहायचंय.

लिव्हरपूलला पाणी पाहिजे होतं. वेल्समध्ये त्रिवेरिन नदीच्या खोऱ्यात कॅपेल केलिन नावाचं गाव. एक प्रार्थनाघर, एक शाळा, एक पोस्ट, थोडी घरं आणि शेतं. माणसं वेल्श बोलणारी. महापालिकेनं या गावकऱ्यांना विचारलंच नाही, थेट लंडनच्या पार्लमेंटात बिल नेलं. वेल्सच्या बहुतेक सगळ्या खासदारांचा विरोध होता. तरी १९५७ साली कायदा पास. मोजायला बसलं की थोडे हरतात, हे आपल्याला काय नवीन नाय. १९५६ साली सगळं गाव, पोराबाळांसकट, लिव्हरपूलच्या रस्त्यावर मोर्चानं चालत गेलं. गावाच्या बाजूनं बोलायला उभ्या राहिलेल्या माणसाला सभागृहात आरडाओरडा करून गप्प केलं. १९६५ साली धरण भरलं. कबरस्तानावर सिमेंट ओतलं.

आता ऐका, ती महापालिका कुणाची होती? मजूर पक्षाची. लाल झेंडेवाल्यांची. गोदीतल्या माझ्या भावांच्या मतांवर निवडून आलेल्यांची. कामगारांच्या वस्तीला आणि कारखान्यांना पाणी पाहिजे, म्हणून चार शेतकऱ्यांचं गाव बुडवलं तर बिघडलं काय, हा त्यांचा हिशेब. वर्गाचं गणित बरोबर, फक्त बुडणाऱ्याची भाषा आणि त्याचं गाव त्या गणितात धरलेलंच नाय. आपल्याला "आधी वर्ग, मग बाकीचं" असं शिकवणारे कॉम्रेड भेटले की मला हे गाव आठवतं.

सभागृहात गप्प केलेला तो माणूस म्हणजे ग्विनफर इव्हान्स, प्लाइड कम्री या पक्षाचा अध्यक्ष. हा पक्ष १९२५ साली पुल्हेली गावातल्या एका हॉटेलात सहा माणसांनी काढला. दारू न विकणारं हॉटेल, हे विशेष! १९२९ साली पहिली निवडणूक लढवली. मतं पडली ६०९. दोस्तांनो, आपल्यातले कितीजण सहाशे नऊ मतांवर दुसऱ्या दिवशी पुन्हा पत्रकं वाटायला निघाले असते? आपण तर त्या सहा जणांचे सात गट केले असते.

त्यांची चीड कुठून आली तेही सांगतो. एकोणिसाव्या शतकात तिथल्या बऱ्याच शाळांत पोरगं वेल्श बोललं की त्याच्या गळ्यात लाकडाचा तुकडा अडकवायचे. दुसरं कोणी बोललं की तुकडा त्याच्या गळ्यात. शेवटी ज्याच्या गळ्यात राहील त्याला मार. म्हणजे पोरांनीच पोरांवर पाळत ठेवायची. ज्यांच्या आजा-पणजाच्या गळ्यात मडकं होतं त्यांना जास्त सांगायला नको.

पण मी आंधळी आरती ओवाळणार नाय. या पक्षाचा सुरुवातीचा पुढारी साँडर्स लुईस. १९३६ साली दोन साथीदारांसह त्यानं विमानदलाच्या बॉम्बफेक शाळेला आग लावली आणि तिघं आपल्या पायांनी पोलीस ठाण्यात गेले. वेल्समधल्या ज्यूरीचं एकमत झालं नाही, तर खटला लंडनला नेऊन नऊ-नऊ महिने आत टाकलं. लुईसची कॉलेजातली नोकरी गेली. मर्द माणूस. पण विचारानं पुराणमतवादी. फ्रँकोबद्दल त्याला माया आहे, असा डाव्यांचा आरोप होता. दक्षिणेकडच्या कोळसा खाणीतला इंग्रजी बोलणारा वेल्श कामगार या पक्षाकडे मास्तर आणि पाद्र्यांचा पक्ष म्हणूनच बघायचा. त्याचं काय चुकलं? आपली भाषा, आपली माती, ठीक. पण मातीचा सातबारा कुणाच्या नावावर, हे आधी सांग. स्वतंत्र देशात खाणमजूर मजूरच राहणार असेल तर झेंडा बदलून त्याला काय मिळालं? हा प्रश्न मी १९४७ पासून इथंही ऐकतोय, माझ्या जन्माच्या आधीपासून म्हणा ना.

तरी पक्ष टिकला, सरकला. गाव बुडाल्यावर पुढच्याच वर्षी, १९६६ साली, कार्मार्थनच्या पोटनिवडणुकीत इव्हान्स जिंकला. पक्षाचा पहिला खासदार. १९७९ साली वेल्सला मर्यादित अधिकार देण्याच्या सार्वमतात दारुण हार, पाचातला एक बाजूनं. १९८० साली वेल्श भाषेच्या टीव्ही वाहिनीचं वचन सरकारनं मोडलं, तेव्हा म्हाताऱ्या इव्हान्सनं आमरण उपोषणाची धमकी दिली. थॅचरबाईचं सरकार वाकलं, १९८२ साली वाहिनी सुरू झाली. १९९७ च्या सार्वमतात ६,७२१ मतांच्या फरकानं विधानसभा मिळाली. स्वातंत्र्य नाय मिळालं.

लिव्हरपूलच्या महापालिकेनं २००५ साली त्या गावाची माफी मागितली, धरणाला चाळीस वर्षं झाल्यावर. तिथल्या गोदीकामगाराच्या पोरांनी ते पाणी पिताना काय विचार केला असेल, हे मला कुणी वेल्श दोस्त भेटला तर विचारायचंय. आणि कुणी लिव्हरपूलचा भेटला तर त्यालाही.