हरळीची कड

अंगणात हिरवळ राखण्याची हौस आम्हांस उशिराच, म्हणजे बिदरला घर बांधून झाल्यावर लागली. हिरवळ म्हणावयाचे एवढेच. वस्तुतः ती हरळी. कानडी शेजारी तिला 'गरिके' म्हणतात, रोपे विकणारा 'हरियाली' म्हणून तिचे पैसे घेतो, आणि गणपतीपुढे ठेवली की तीच दूर्वा होते. भालकी-औराद भागातल्या शेतकऱ्यास मात्र हे कौतुक पटणे कठीण. त्याच्या लेखी हरळी म्हणजे रानास जडलेला रोग. काळ्या रानात तिच्या काशा खोल जातात, नांगराने तुटतात आणि प्रत्येक तुकडा नव्याने फुटतो. आमच्या वडिलांच्या, अण्णांच्या, उमेदीची कितीतरी वर्षे अशी हरळी खणून काढण्यात गेली. ते रान विकून हे घर झाले, आणि घराच्या दारी आम्ही विकतची हरळी आणून लावली! अण्णा त्या दिवशी काही बोलले नाहीत. जेवण मात्र त्यांनी लवकर आटोपले.

असो. हरळी कापण्याचे आमचे यंत्र हाताने ढकलावयाचे, गोल फिरणाऱ्या पात्यांचे आहे. १८३० साली एडविन बडिंग नावाच्या इंग्रज कारागिराने कापडाची लव साफ करणाऱ्या गिरणीच्या यंत्रावरून हे यंत्र बेतले, ही गोष्ट आम्ही मुलांना वर्गात सांगत असू. ते स्वतः ढकलण्याचा योग पन्नाशीत आला. कात्रीप्रमाणे काम करणारे हे यंत्र धार असेल तरच उपयोगी. पात्यांत कागदाचा कपटा धरून पाते हाताने सावकाश फिरवावे. कागद स्वच्छ कापला गेला तर ठीक. बोथट पाते गवत कापीत नाही, फाडते, आणि दोन दिवसांत सारी हिरवळ शेंड्यांशी पांढुरकी दिसू लागते. आम्ही पहिल्या वर्षी हा दोष खतावर ढकलला होता.

दव वाळल्यावर कापावे. एका वेळी उंचीच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक छाटू नये. हरळी इंच-दीड इंच राहिली की पुरे. प्रथम कडेने दोन फेरे घ्यावेत, म्हणजे यंत्र वळवण्यास जागा होते. मग सरळ पट्ट्यांनी, मागच्या पट्टीवर दोन बोटे चढवून जावे. पुढील खेपेस दिशा बदलावी, नाहीतर गवत एकाच अंगास कलते. आमचे बिदर जांभ्याचे असल्याने पाणी चटकन निचरते. कलबुर्गीकडील काळ्या जमिनीत मात्र ओल असता यंत्र नेऊ नये, चाकांचे चर पडतात आणि वाळल्यावर तसेच राहतात. पावसाळ्यात आठवड्यास एकदा, थंडीत क्वचित, आणि उन्हाळ्यात जवळजवळ नाहीच. घरात पाणी मोजून वापरावे लागते त्या दिवसांत हिरवळीवर ते ओतणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. हरळी पिवळी पडते, मरत नाही. मृगाच्या सरीबरोबर पुन्हा उठते. याच चिवटपणापायी शेतकरी तिला शिव्या देतो.

एकदा हरितालिकेच्या दिवशी आम्ही उत्साहाने सारे अंगण सफाचट केले. दुसऱ्या दिवशी पूजेच्या वेळी आमच्या कुटुंबाने एकवीस दूर्वा मागितल्या, तेव्हा हरळीने भरलेल्या त्या अंगणात तीन पानांचा एक कोवळा तुरा सापडेना. शेवटी शेजारच्या कानडी आजींनी परसातून ओंजळभर दिल्या, आणि आमच्या अंगणाकडे पाहून जे हसल्या ते पुष्कळ दिवस पुरले. तेव्हापासून श्रावण लागला की तुळशीकडील एक कोपरा आम्ही कापीत नाही.

आता कडेविषयी. हिरवळ नीटस दिसते ती मधल्या कापणीपेक्षा कडेने. दोन खुंट्यांना सुतळी ताणावी, तिच्याखाली धारदार सरळ फावडे उभे दाबीत जावे आणि गवताकडील बाजू ताठ, वाफ्याकडील उतरती ठेवून तीन बोटे खोल चर काढावा. वर धावणारे तणे यामुळे अडतात. खालच्या काशा अडत नाहीत. आमच्या मेथीच्या वाफ्यात हरळी शिरली ती अशी खालून. सीमेवरच्या माणसांस हे नवलाचे वाटू नये. कागदावर रेघ १९५६ साली ओढली गेली, मुळे आपली जिकडे जायची तिकडे गेलीच.

उपाय अण्णांनी काढला. जांभ्याचे चिरे आणवून त्यांनी ते वीतभर खोल, एकास एक भिडवून, माथा जमिनीशी सपाट ठेवून बसवले. यंत्राचे एक चाक त्या दगडावरून फिरते, त्यामुळे कडेचे गवत हाताने कातरण्याचे काम बरेच वाचते. चिऱ्यांच्या सांध्यांतून काशा तरीही डोकावतात. त्यासाठी अण्णा रोज सकाळी खुरपे घेऊन कडेला बसतात. हिरवळीच्या मध्यभागाकडे ते पाहत नाहीत, वाफ्याकडची एक काशी सोडीत नाहीत. आम्ही एकदा त्या काशा गोळा करून खताच्या खड्ड्याकडे निघालो, तर मागून हाक आली.

"मास्तर, खड्ड्यात टाकू नका. पुन्हा फुटतील. दगडावर वाळू द्या."

घरात मुलाला मास्तर म्हणण्याची त्यांची सवय जुनी आहे. काशा दगडावर पसरल्या. दुसरे दिवशी त्यांनी उलटून पाहिल्या आणि आणखी दोन दिवस ऊन देण्यास सांगितले. यंत्राचे पाते धार लावण्यास दिले आहे, ते शनिवारी मिळेल.