नव्याचे नऊ दिवस

ऑफिसात नवा बॉस आला की पहिल्या आठवड्यात काय वातावरण असतं, ते तुम्हाला मी काय सांगणार! सगळे साडेनऊच्या ठोक्याला जागेवर, मीटिंगमध्ये सगळ्यांच्या माना एकदम होकारार्थी. मग कॅन्टीनमध्ये एखादा सीनियर चहाचा घोट घेत म्हणतो, ‘अरे, नव्याचे नऊ दिवस!’

आपल्याकडे ही नुसती म्हण आहे. इंग्लंडमध्ये एका मुलीच्या बाबतीत ती अक्षरशः खरी झाली. 10 जुलै 1553 ला ती राणी झाली, 19 जुलैला तिचं राज्य आटोपलं आणि पुढच्या फेब्रुवारीत तिचा शिरच्छेद झाला. नाव लेडी जेन ग्रे. वय सोळा, फार तर सतरा. म्हणजे आपण ज्या वयात बारावीच्या क्लासला दांडी मारून पिक्चर टाकत होतो, त्या वयात.

हिची गोष्ट तुम्ही कुठे ना कुठे ऐकली असेल. 1986 चा हेलेना बॉनहॅम कार्टरचा ‘लेडी जेन’ सिनेमा आहे. 2024 मध्ये ‘माय लेडी जेन’ नावाची वेबसिरीज आली, तिच्यात तर इतिहास सरळ धाब्यावर बसवून टाकला होता. (ती एका सीझननंतर बंद पडली. तिथेही हिचं राज्य लवकरच आटोपलं!) आणि सगळ्यात गाजलेलं म्हणजे लंडनच्या नॅशनल गॅलरीतलं पॉल डेलारोशचं 1833 चं चित्र. अंधारी खोली, पांढऱ्याशुभ्र साटीनच्या कपड्यातली कोवळी पोर, डोळ्यांवर पट्टी, समोरचा ठोकळा चाचपडणारे हात. 1928 च्या पुरात हे चित्र गेलं असंच सगळे धरून चालले होते. 1973 मध्ये ते टेट गॅलरीत गुंडाळलेल्या अवस्थेत सापडलं. आता त्याच्यासमोर उभं राहून जगभरचे टुरिस्ट हळहळतात. अरेरे, बिचारी!

माझं भांडण आहे ते या ‘बिचारी’शी.

चित्र देखणं आहे, वादच नाही. मी ते फक्त लॅपटॉपच्या स्क्रीनवर पाहिलंय, तरी काटा येतो. पण त्यातलं काय काय खरं आहे? तिला मारलं ते खोलीत नाही, टॉवर ऑफ लंडनच्या आवारातल्या हिरवळीवर, उघड्यावर, फेब्रुवारीच्या थंडीत. अंगावर पांढरं साटीन नव्हतं. खटल्याच्या दिवशी घातलेलाच काळा पोशाख होता. बरं, तिचा चेहरा? तिच्या हयातीत काढलेलं आणि नक्की तिचंच म्हणता येईल असं एकही चित्र नाही. लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीतलं एक पोर्ट्रेट वर्षानुवर्षं जेनचं म्हणून मिरवत होतं, ते 1996 मध्ये कॅथरीन पारचं निघालं. लालसर केस, नाजूक बांधा, हसरा चेहरा असं जे वर्णन पुस्तकापुस्तकांतून फिरत असतं, ते पहिल्यांदा 1909 च्या एका पुस्तकात उगवलं. ते चक्क रचलेलं असावं, असं आता अभ्यासक म्हणतात.

म्हणजे बघा, चेहराही लोकांनी दिलेला, कपडेही लोकांनीच दिलेले. मुलगी राहिली बाजूलाच.

आता थोडा इतिहास. घाबरू नका, पटकन आटपते. सहा लग्नं करणारा तो आठवा हेन्री 1547 मध्ये वारला. गादीवर आला त्याचा नऊ वर्षांचा मुलगा, सहावा एडवर्ड. पक्का प्रोटेस्टंट. 1553 च्या उन्हाळ्यात हा पंधरा वर्षांचा राजा छातीच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळला. कायद्यानं त्याच्यानंतर त्याची थोरली सावत्र बहीण मेरी. ती तितकीच पक्की कॅथलिक. एडवर्डला ते नको होतं. मग त्यानं स्वतःच्या हातानं वारसांचा एक कागद लिहिला. त्यात आधी फक्त पुरुष वारस होते. ‘लेडी जेनच्या मुलग्यांना’ गादी मिळावी, अशी तजवीज. गंमत अशी, की हे मुलगे जन्मालाच आलेले नव्हते! जेन ही त्याच्या आत्याची नात. राजाकडे दिवस कमी उरले होते. तेव्हा त्या ओळीत वर दोन शब्द घुसवले गेले, ‘अँड हर’. झालं! ‘लेडी जेनला आणि तिच्या मुलग्यांना’. कॉपीत दोन शब्द घुसवले तर काय होतं, हे आमच्या धंद्यातल्या कुणालाही विचारा. इथे एका मुलीचा जीव गेला. तो कागद अजून लंडनमध्ये आहे आणि ती खाडाखोड त्यात नीट दिसते.

यामागे राजाच होता की राज्यकारभार हातात असलेला ड्यूक ऑफ नॉर्थम्बरलंड, जॉन डडली, यावर इतिहासकार अजून भांडतात. एवढं नक्की की मे 1553 मध्ये डडलीनं आपला मुलगा गिल्डफर्ड याचं लग्न जेनशी लावून दिलं. म्हणजे सून राणी, मुलगा राजा आणि सासरेबुवा सर्वेसर्वा. प्लॅन सॉलिड होता. फक्त सुनेला विचारायचं राहिलं.

आणि ही सून साधी नव्हती. 1550 मध्ये रॉजर ॲस्कम नावाचा विद्वान तिच्या घरी, लेस्टरशायरमधल्या ब्रॅडगेटला गेला होता. घरची सगळी मंडळी शिकारीला गेलेली आणि ही तेरा-चौदा वर्षांची मुलगी एकटी प्लेटो वाचत बसलेली. मूळ ग्रीकमध्ये! आई-वडिलांसमोर बोलणं, बसणं, खाणं, शिवणं, काहीही जरा चुकलं की टोमणे, चिमटे आणि मार, हे तिनंच त्याला सांगितलं. गुरुजी मात्र प्रेमानं शिकवायचे, म्हणून तिचा जीव पुस्तकात. ॲस्कमनं हे पुढे लिहून ठेवलं आणि ते पुस्तक 1570 मध्ये छापलं गेलं.

6 जुलैला एडवर्ड गेला. बातमी दाबून ठेवली. 9 तारखेला जेनला सायन हाउसमध्ये बोलावून सांगितलं, आता तू राणी. तिच्यासमोर मोठमोठे उमराव गुडघे टेकून. ती कोसळली, रडली, हा हक्क माझा नाही म्हणाली. मग मंडळींनी समजूत घातली. दुसऱ्या दिवशी होडीतून टॉवरमध्ये. रस्त्यावर जल्लोष वगैरे काही नाही. एका पोऱ्यानं ‘हक्क मेरीचा’ असं म्हणायची हिंमत केली, तर त्याचे दोन्ही कान कापले.

सिनेमावाले इथे व्हायोलिन वाजवतात. मला त्याच्या पुढचा भाग जास्त आवडतो.

खजिनदार मार्क्विस ऑफ विंचेस्टर मुकुट घेऊन आला. डोक्यावर नीट बसतो का बघा म्हणाला. आणि जाता जाता सांगून टाकलं, की तुमच्या यजमानांसाठीही एक बनवून घेऊ. जेनच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला असणार! तिनं साफ नाही म्हटलं. नवऱ्याला फार तर ड्यूक करीन, राजा नाही. लग्नाला जेमतेम दीड महिना झालेला, आजूबाजूला सगळी सासरची माणसं, आणि ही ‘नाही’ म्हणते. गिल्डफर्ड फुगून बसला. सासूबाई भडकल्या, मुलाला म्हणाल्या, चल, हिच्याजवळ राहायचंच नाही. जेननं काय करावं? दोन अर्लना पाठवून नवऱ्याला परत आणलं. राणीचा नवरा रुसून घरी गेला हे दिसायला बरं नव्हतं ना! ही हकिगत तिनंच नंतर मेरीला कळवली.

आणि हो, उरलेले दिवस ती कोपऱ्यात रडत बसली नव्हती. ‘जेन द क्वीन’ अशा सहीनं फौजा गोळा करायचे हुकूम निघत होते. 16 जुलैच्या संध्याकाळी टॉवरचे दरवाजे अचानक बंद करून किल्ल्या वर तिच्याकडे नेल्या गेल्या. कारण खजिनदारसाहेब गुपचूप घरी सटकले होते, त्यांना मध्यरात्री परत आणावं लागलं. तेव्हा राज्य नको होतं हे खरं आणि हातात आल्यावर तिनं ते चालवायला घेतलं हेही खरं. दोन्ही एकाच मुलीचं.

पण तिकडे मेरीच्या बाजूला माणसं लोटत होती. डडली तिला पकडायला फौज घेऊन बाहेर पडला आणि पाठीमागे लंडनमध्ये उमरावांनी टोप्या फिरवल्या. यात पुढे कोण? अरंडेल आणि पेम्ब्रोक. नवऱ्याला परत आणायला जेननं पाठवलेले तेच दोन अर्ल! 19 जुलैला मेरीच्या नावाची दवंडी पिटली, गावभर घंटा आणि शेकोट्या. जेनच्या वडिलांनी, ड्यूक ऑफ सफोकनी, मुलीच्या डोक्यावरचं राणीचं छत स्वतःच्या हातानं खाली ओढलं. मी आता घरी जाऊ का, असं तिनं विचारलं म्हणतात. वडील घरी गेले. ती तिथेच राहिली, राणीच्या महालातून कैद्याच्या खोलीत. खजिनदार विंचेस्टर मात्र लव्हाळ्याच्या जातीचा. मेरीकडेही खजिनदार, पुढे एलिझाबेथकडेही खजिनदार, 1572 मध्ये मरेपर्यंत खजिनदार. असे लोक प्रत्येक ऑफिसात असतात, नावं घेत नाही.

ऑगस्टमध्ये डडलीचं डोकं उडालं. मरण्याआधी त्यानं कॅथलिक धर्म स्वीकारला. त्यावर टॉवरमध्ये जेवणाच्या टेबलावर जेन काय तडकली, ते तिथे जेवायला बसलेल्या एकानं टिपून ठेवलंय. जगण्यासाठी धर्म सोडावा, एवढं काय उरलं होतं त्याचं? मी एवढी लहान, तरी मी नाही असं करणार. हा तिचा सूर. घरच्या जुन्या धर्मगुरूनं पक्ष बदलला तर त्याला तिनं असं काही झणझणीत पत्र लिहिलं, की वाचताना आपणच चपापतो. खरं सांगायचं तर ही मुलगी मला मैत्रीण म्हणून झेपली नसती. कट्टर होती. पण बिचारी?

13 नोव्हेंबरला गिल्डहॉलमध्ये राजद्रोहाचा खटला झाला. काळ्या कपड्यात, हातात उघडं प्रार्थनेचं पुस्तक धरून ती चालत गेली. शिक्षा मृत्यूची. पण मेरीला तिला मारायचं नव्हतं. थोडे महिने कैद, मग सुटका, असंच होण्याची चिन्हं होती.

आणि मग वडिलांनी घोळ घातला. मेरी स्पेनच्या फिलिपशी लग्न करणार म्हणून 1554 च्या जानेवारीत थॉमस वायटनं बंड केलं, त्यात हे सामील. एकदा माफी मिळालेली, मुलगी टॉवरमध्ये ओलीस असल्यासारखी, तरी सामील! बंड फसलं. जेन जिवंत आहे तोवर बंडं होतच राहणार, असं दरबारानं ठरवलं. शिक्षा पक्की झाली.

तिनं वडिलांना पत्र लिहिलं. ज्यांनी माझं आयुष्य वाढवायचं त्यांच्याच हातून देवानं माझं मरण लवकर आणलं, अशी त्याची सुरुवात. मग ती त्यांचं सांत्वन करते. मी ही सुरुवात परत परत वाचली. एवढ्या शांतपणे एवढं स्पष्ट सांगणं मला तिशीजवळ येऊनही जमत नाही.

मेरीनं तिच्याकडे फेकनम नावाचा कॅथलिक धर्मगुरू पाठवला, धर्म बदलून आत्मा तरी वाचावा म्हणून. त्यासाठी दोन-तीन दिवस मुदतही वाढवली. दोघांचा रीतसर वाद झाला. ती हलली नाही. पण शेवटी तोच तिच्याबरोबर चौथऱ्यापर्यंत गेला. मरण्याआधी भेटू या, असा गिल्डफर्डचा निरोप आला होता. त्यालाही तिनं नकार दिल्याची नोंद आहे. भेटून दुःखच वाढेल, म्हणाली.

12 फेब्रुवारी 1554. सकाळी गिल्डफर्डला टॉवर हिलवर नेलं. त्याचं धड गाडीतून आणि डोकं कापडात गुंडाळून परत आलं, ते तिनं पाहिलं. मग तिची पाळी. राणीविरुद्ध झालं ते बेकायदा होतं, हे तिनं मान्य केलं; पण मी ते मागितलं नव्हतं, असंही सांगितलं. स्तोत्र म्हटलं. हातमोजे आणि रुमाल बरोबरच्या बाईला दिले. जल्लाद पोशाख उतरवायला पुढे झाला, त्याला हातानं थांबवलं. डोळ्यांवर पट्टी तिनं स्वतःच बांधली. आणि मग ठोकळा सापडेना. हात पुढे करून ती विचारत राहिली, कुठे आहे, मी आता काय करू. शेवटी कुणीतरी पुढे होऊन तिला तिथवर नेलं.

डेलारोशनं नेमका हाच क्षण उचलला. त्याच्याआधीच्या दोन मिनिटांत ती काय काय बोलली, ते चित्रात मावत नाही.

अकरा दिवसांनी वडिलांचंही डोकं उडालं.

तिचं प्रार्थनेचं पुस्तक लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. तळहातात मावेल एवढं. त्याच्या पानांच्या खालच्या कोऱ्या जागेत तिनं वडिलांसाठी दोन शब्द लिहिलेत, टॉवरचा अधिकारी सर जॉन ब्रिजेसनं मागितले म्हणून त्याच्यासाठीही लिहिलेत. जुलैत ‘जेन द क्वीन’ अशी सही करणाऱ्या मुलीनं इथे सही केलीय ‘जेन डडली’ अशी. त्याच पुस्तकात गिल्डफर्डनंही सासऱ्यांसाठी एक ओळ लिहिलीय. दोघं वेगवेगळ्या खोल्यांत कैद होते, म्हणजे पुस्तकच इकडून तिकडे फिरलं असणार.