विज्ञान संमेलनांचा विद्यार्थी आधार डळमळीत

बंगळुरू येथील गांधी कृषी विज्ञान केंद्राच्या, म्हणजेच 'जीकेव्हीके'च्या विस्तीर्ण आवारात ३ ते ७ जानेवारी २०२० दरम्यान भारतीय विज्ञान काँग्रेसचे १०७ वे अधिवेशन पार पडले. 'ग्रामीण विकासासाठी विज्ञान व तंत्रज्ञान' हा त्याचा मुख्य विषय होता. उद्घाटनाच्या भाषणात पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी तरुण शास्त्रज्ञांना नवनिर्मिती, पेटंट, उत्पादन आणि समृद्धी अशी चतुःसूत्री दिली. एडा योनाथ आणि श्टेफान हेल हे नोबेल पारितोषिकाचे मानकरीही उपस्थित होते. बाल विज्ञान काँग्रेसच्या जोडीला शेतकऱ्यांची विज्ञान काँग्रेसही प्रथमच भरविण्यात आली.

अशा अधिवेशनांचे वृत्तान्त बहुधा व्यासपीठावरच थांबतात. व्यासपीठाखालचे काम मात्र यजमान विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांकडे असते. प्रतिनिधींची नोंदणी, पाहुण्यांना स्थानकावरून आणणे, निवासाची व्यवस्था, सभागृहातील प्रक्षेपक, भित्तिपत्रकांच्या मांडवातील जागा, शाळकरी मुलांच्या प्रयोगांची राखण आणि भोजनमंडपातील रांगा ही सारी जबाबदारी गळ्यात ओळखपत्र अडकवलेला विद्यार्थी स्वयंसेवक उचलतो. त्याला वेतन नसते. प्रमाणपत्र, टोपी वा टी-शर्ट आणि जेवणाचे कूपन एवढाच त्याचा मोबदला. राष्ट्रीय सेवा योजनेतील विद्यार्थ्याला वर्षाला १२० तास समाजकार्य करावयाचे असते, त्या हिशेबात हे तास धरले गेले तर तेवढाच लाभ.

या व्यवस्थेत एक विसंगती आहे आणि ती नाकारण्यात अर्थ नाही. विज्ञान ऐकण्याच्या ओढीने नाव नोंदविणारा विद्यार्थी पुष्कळदा व्याख्यान सुरू असताना दाराबाहेर उभा असतो. अतिविशिष्ट व्यक्ती येणार असेल तर सुरक्षेच्या कड्यांमुळे त्याचा अर्धा दिवस मोकळा जातो. असे असले तरी कृषी विद्यापीठातील स्वयंसेवकाकडून मिळणारी सेवा केवळ अंगमेहनतीची नसते. ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी खेड्यात मुक्काम करणे हा कृषी पदवी अभ्यासक्रमाचाच भाग आहे. शेतकऱ्याचा कन्नडमधील प्रश्न इंग्रजीत बोलणाऱ्या संशोधकापर्यंत पोहोचवायचा, तर असा विद्यार्थीच उपयोगी पडतो. हे काम कोणत्याही मंडप कंत्राटदाराकडून होणारे नाही.

बंगळुरूच्या अधिवेशनावर आदल्या वर्षीच्या जालंधर अधिवेशनाची सावली होती. तेथे जानेवारी २०१९ मध्ये एका कुलगुरूंनी कौरवांचा जन्म टेस्ट ट्यूब आणि मूलपेशींच्या तंत्राने झाला, असे शाळकरी मुलांसमोर सांगितले. दुसऱ्या वक्त्याने न्यूटन आणि आइन्स्टाइन यांचे सिद्धान्त चुकीचे ठरविले. देशभर शास्त्रज्ञांनी निषेध नोंदविल्यानंतर आयोजक संस्थेने या विधानांपासून अंग काढून घेतले आणि पुढे वक्त्यांच्या भाषणांची आधी छाननी करण्याचे जाहीर केले. व्यंकटरामन रामकृष्णन यांनी तर २०१६ मध्येच या मेळाव्याची 'सर्कस' अशी संभावना केली होती. या टीकेत तथ्य होते. तथापि, तिचा रोख व्यासपीठावर होता. मुलांना रांगेने सभागृहात आणून बसविणाऱ्या स्वयंसेवकाचा वक्ता निवडण्यात काहीही वाटा नव्हता.

वस्तुतः या परंपरेचे खरे वैशिष्ट्य तिचे फिरते स्वरूप हे होते. १९१४ साली कोलकात्यात १०५ शास्त्रज्ञ आणि ३५ शोधनिबंधांनिशी सुरू झालेले हे अधिवेशन पुढे गावोगावच्या विद्यापीठांत भरत गेले. बंगळुरूने २००३ मध्येही त्याचे यजमानपद भूषविले होते. दर वेळी नवे विद्यापीठ, नवे विद्यार्थी. त्यामुळे देशाच्या कानाकोपऱ्यातील एखाद्या पदवीच्या वर्गाला कुठे ना कुठे हा अनुभव मिळत असे. तोटा असा, की एका ठिकाणी शिकलेले दुसऱ्या ठिकाणी पोहोचत नसे आणि त्याच चुका नव्याने होत.

याउलट भारतीय विज्ञान संस्थेतील पदवीचे विद्यार्थी २०१४ पासून 'प्रवेग' हा विज्ञान, तंत्रज्ञान व संस्कृती महोत्सव स्वतःच भरवितात. येथे स्वयंसेवक आणि आयोजक यांच्यात भिंत नाही. यंदा खुर्च्या मांडणारा पुढील वर्षी कार्यक्रम ठरवू शकतो. मुंबईच्या आयआयटीतील 'टेकफेस्ट' १९९८ पासून याच पद्धतीने चालत आला आहे. अर्थात, अशा संस्थांना नाव आणि प्रायोजक दोन्ही सहज मिळतात. जिल्ह्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयाला ते शक्य नाही, आणि विज्ञान काँग्रेसची उणीव नेमकी तेथेच जाणवते.

महाराष्ट्राला हा फटका जवळून बसला आहे. जानेवारी २०२१ मधील १०८ वे अधिवेशन पुण्यात व्हावयाचे होते. ते कोरोनाच्या साथीमुळे झाले नाही. अखेर जानेवारी २०२३ मध्ये नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी महाराज विद्यापीठाने आपल्या शताब्दी वर्षात ते भरविले. आदल्या दिवशी शून्य मैलाच्या स्तंभापासून विद्यार्थ्यांनी विज्ञानज्योत काढली. त्यानंतर केंद्रीय विज्ञान व तंत्रज्ञान विभाग आणि आयोजक संस्था यांच्यातील वाद विकोपाला गेला. स्थळ लखनौहून जालंधरला हलविण्यास विभागाने हरकत घेतली, सप्टेंबर २०२३ मध्ये अर्थसाहाय्य काढून घेतले, पुढे यजमान विद्यापीठानेही माघार घेतली. २०२४ आणि २०२५ ही दोन्ही वर्षे अधिवेशनाविना गेली.

३ ते ५ नोव्हेंबर २०२५ दरम्यान केंद्र सरकारने नवी दिल्लीतील भारत मंडपम येथे उदयोन्मुख विज्ञान, तंत्रज्ञान व नवोन्मेष परिषद घेतली. पंतप्रधानांनी तेथे संशोधनासाठी १ लाख कोटी रुपयांच्या निधीचा शुभारंभ केला. विषयांची निवड आणि मांडणी पूर्वीच्या मेळाव्यांपेक्षा निश्चितच नेटकी होती. मात्र परिषद एका संमेलन केंद्रात भरली. तिला जीकेव्हीकेसारखे यजमान विद्यापीठ नव्हते, आणि त्यामुळे खुर्च्या मांडता मांडता विज्ञान ऐकणारा यजमान विद्यार्थ्यांचा वर्गही नव्हता.