शाळेचा फलक आणि शाळेचा वर्ग



संक्रांतीचे हळदीकुंकू सुरू झाले, की आमच्याकडे वाणाबरोबर एक प्रश्नही घरोघर फिरतो. "मग, यंदा कुठल्या शाळेत घालताय?" त्याच सुमाराला हमरस्त्याला खासगी शाळांचे फलक लागतात. फलकावरची मुले टाय लावलेली, गोरीगोमटी, आणि बहुधा दुसऱ्याच कुठल्या देशातली. ते फलक पाहून एकदा मी फसले आहे, म्हणून आज लिहायला बसले.

आमचे आणे म्हणजे जुन्नर तालुक्याचे पूर्वेचे टोक. कल्याण-नगर रस्त्याने आळेफाटा सोडला, बेल्हे आणि गुळुंचवाडी मागे टाकली आणि घाट चढला, की पठारावर आमचे गाव. पाऊस बेताचा, शेती पावसाच्या भरवशावरची. सकाळी पिवळ्या गाड्या येतात आणि पेंगुळलेली पोरे घेऊन घाट उतरतात. माझा मोठा मुलगा साडेतीन वर्षांचा झाला, तेव्हा त्यालाही आम्ही अशाच एका गाडीत बसवले.

का, ते खरे सांगते. मी बी.ए. झाले, पण इंग्रजीच्या पेपराला मला घाम फुटायचा. चारचौघांत कोणी इंग्रजीत बोलले, की आजही मी हसून वेळ मारून नेते. ते पोराच्या वाट्याला नको, एवढाच विचार. शाळा कशी, वर्गावर कोण बाई, गाडी किती वेळ घेते, यातले काहीही आम्ही विचारले नाही. जाऊबाईंची मुले तिथे जात होती, ते पुरेसे वाटले.

आमच्याकडे थंडीच्या दिवसांत रंगदास स्वामींची यात्रा भरते. मोठमोठ्या कढयांतून आमटी शिजते, आजूबाजूच्या गावांतून भाकरी येतात आणि हजारो माणसे आमटी-भाकरीचा प्रसाद घेतात. त्या वर्षी मुलाने आजोबांच्या खांद्यावर बसून ती आमटी ढवळताना पाहिली. दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना नुसता उतू जात होता. संध्याकाळी आला तो गप्प. चार दिवसांनी आजीजवळ बोलला. "मॅडम म्हणाल्या, इंग्लिशमध्ये सांग. मग मी नाही सांगितलं."

चार वर्षांच्या पोराने 'कढई', 'ढवळणे', 'भाकरीची चळत' इंग्रजीत कसे सांगावे? मलासुद्धा जमणार नाही. पण वाईट याचे वाटते, की हळूहळू तो घरीही सांगेनासा झाला. "आज शाळेत काय केलं?" "काही नाही." सहामाहीच्या प्रगतिपुस्तकात शेरा आला, शांत आणि शिस्तप्रिय मुलगा. आणि मी, स्वतः आठवड्यातून तीन दिवस मुलांना मराठी शिकवणारी बाई, तो शेरा वाचून खूश झाले! शेजारणीला दाखवून आले.

पहिलीला आम्ही त्याला गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत घातले. जादू वगैरे काही झाली नाही. महिनाभर तिथेही तो गप्पच बसायचा. दिवाळीनंतर एकदा शाळेतून धावत आला आणि चुलीपाशी बसून अर्धा तास कुठल्याशा भांडणाची हकिकत सांगत राहिला, तेव्हा माझे भाकरीकडे लक्ष राहिले नाही. आता तो चौथीत आहे. आणि हेही सांगायला हवे, की त्याचे इंग्रजी अक्षर त्या पहिल्या शाळेमुळेच वळणदार आहे.

आता पाळी धाकटीची. यंदा ३१ डिसेंबरला तिला सहा पूर्ण होतील, म्हणजे आपल्या राज्याच्या नियमाने जूनमध्ये पहिली. ह्यांचे म्हणणे, मुलीला खासगीतच घालू, पुढे तालुक्याबाहेर पडली की इंग्रजीच लागणार. माझे म्हणणे, इंग्रजी हवेच, पण आधी वर्ग पाहीन. यावरून आमच्यात दोन दिवस अबोला होता, तेही सांगून टाकते. अखेर ठरले, की फी ह्यांनी पाहायची आणि वर्ग मी.

तीन शाळा पाहिल्या. पहिल्या शाळेत ऑफिस गारेगार, हातात गुळगुळीत माहितीपुस्तिका दिली, पण वर्ग दाखवा म्हटले तर "आत्ता क्लास चालू आहेत" असे उत्तर. अहो, चालू वर्गच तर पाहायचा होता! दुसऱ्या शाळेत खेळण्यांची खोली होती. सगळी खेळणी काचेच्या कपाटात आणि कपाटाला कुलूप. मला ताराबाई मोडक आठवल्या. १९४५ साली त्यांनी बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी काम सुरू केले, तेव्हा महागडी साधने बाजूला ठेवून शंखशिंपले, खडे, पाने, बिया यांवर मुलांना मोजायला, ओळखायला शिकवले. आपल्या दारातल्या चिंचोक्यांना कुलूप लागत नाही.

तिसरी शाळा लहान, पत्र्याची. मोठ्या बाईंनी मला पहिलीच्या वर्गात मागे वीस मिनिटे बसू दिले. मध्येच एक मुलगा उठून म्हणाला, "बाई, आमची म्हैस व्याली!" बाई थांबल्या. "हो का? रेडकू की पारडी?" मग सगळ्या वर्गाला पारडीचा रंग कळला, चीक कोणाकोणाला मिळणार ते कळले, आणि मग बाईंनी फळ्यावर म्हैस काढून खाली लिहिले, बफेलो. सगळी पोरे ओरडली, "बफेलो!" त्या दिवशी तो शब्द कोणी विसरला असेल असे मला वाटत नाही. माझे निम्मे उत्तर मला तिथेच मिळाले.

म्हणून तुम्हाला सांगते, शाळा पाहायला स्नेहसंमेलनाच्या दिवशी जाऊ नका. साध्या मंगळवारी, दुपारच्या सुट्टीच्या जरा आधी जा. मूल काही सांगायला उठले, तर बाई काय करतात एवढेच बघा. जाता जाता पाण्याची टाकी आणि मुलींचे स्वच्छतागृह बघा. आमच्यासारख्या टंचाईच्या भागात तर उन्हाळ्यात पाणी कुठून येते हेही विचारा. लाजू नका.

आणि एक प्रश्न कधी चुकवू नका. "गेल्या वर्षी पहिलीला कोण बाई होत्या? त्या अजून आहेत का?" बऱ्याच लहान खासगी शाळांतून बाईंना मे महिन्याचा पगार मिळत नाही. म्हणून त्या सुट्टीत दुसरी नोकरी शोधतात आणि जूनमध्ये नवीन चेहरा येतो. मी स्वतः या धंद्यात आहे, म्हणून सांगते. सहा वर्षांच्या मुलाला शाळा म्हणजे त्याच्या बाई. बाई दरवर्षी बदलत असतील, तर मुलाची दरवर्षी नवीन शाळा.

इंग्रजी माध्यमच घ्यायचे ठरले, तर मराठी कोण शिकवते हेही पाहा. २०२० साली राज्यात कायदा झाला आणि सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी विषय सक्तीचा झाला. पण तो तास कवायतीच्या बाईंना देऊन टाकलेला असतो का, ते वह्या पाहिल्याशिवाय कळत नाही.

गाडीचे मात्र ह्यांनी फार छान केले. शाळा म्हणाली, पंचवीस मिनिटे. ह्यांनी एक दिवस त्या गाडीमागे मोटारसायकल घातली. चार वाड्या फिरून, पोरे गोळा करत, शाळेच्या फाटकापर्यंत पन्नास मिनिटे! पंचवीस मिनिटे ही शेवटच्या वाडीपासूनची होती. थंडीत पहाटेच्या अंधारात मूल रस्त्याला उभे करावे लागेल का, हाही प्रश्न आमच्या तालुक्यात हसण्यावारी नेण्यासारखा नाही, बिबट्याचे भय कोणाला माहीत नाही? २०११ च्या स्कूलबस नियमांनी प्रत्येक शाळेत परिवहन समिती हवी आणि त्यात पालकही हवेत. विचारा, समितीत कोण आहे म्हणून. बहुतेक ठिकाणी विचारल्यावरच समिती जागी होते.

कायद्याचे थोडक्यात सांगते. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. प्रवेशासाठी मुलाची किंवा आईबापांची परीक्षा, मुलाखत घेता येत नाही, देणगी मागता येत नाही, मुलाला मारता येत नाही. शाळेला मान्यता आहे का, आणि कितवीपर्यंत, ते प्रमाणपत्र पाहा. विनाअनुदानित खासगी शाळांत पहिल्या वर्गाच्या किमान २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतल्या मुलांसाठी मोफत असतात. अर्ज ऑनलाइन, निवड सोडतीने, आणि अंतराची अट असते. २०२४ साली शासनाने हा नियम सैल करून पाहिला, पण मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल त्याच वर्षी रद्द केला. तुम्ही बसत असाल तर संकोच न करता अर्ज भरा, हे उपकार नव्हेत. फी ठरवताना पालकांच्या समितीला विचारावे लागते, हे २०११ च्या फी कायद्यात आहे. मात्र फीच्या कागदावर गाडी, गणवेश, पुस्तके आणि संमेलनाचा पोशाख नसतो. आम्ही हे सगळे मांडले, तेव्हा सांगितलेल्या फीच्या जवळजवळ दुप्पट आकडा आला आणि ह्यांनी चष्मा काढून परत घातला.

शेवटी म्हशीवाल्या शाळेवर आमचे एकमत झाले. गाडीवाल्याशी बोलून आमची वाडी शेवटी घ्यायला लावली, त्यासाठी ह्यांना दोनदा जावे लागले. ह्यांच्याकडून एक वचनही घेतले आहे, की दिवाळीपर्यंत पोर घरी येऊन बोलेनाशी झाली, तर फी गेली तरी चालेल, पण तिला गावातल्या शाळेत आणायचे. सासूबाई साक्षीदार आहेत. त्या म्हणाल्या, "मला रोज संध्याकाळी ती काय सांगते, ते मीच ऐकेन."

आणि हो, जन्माचा दाखला, आधार, रहिवासाचा पुरावा, फोटो, आणि राखीव जागेसाठी लागत असेल तर उत्पन्नाचा किंवा जातीचा दाखला, हे सगळे आत्ताच काढून ठेवा. उत्पन्नाच्या दाखल्याला वेळ लागतो. झेरॉक्सच्या दुकानासमोर जूनमध्ये उभे राहायला जागा नसते.