भिंगाची गवसणी

कॅमेऱ्याच्या भिंगापुढे जी गोल काच बसवतात, तिला छायाचित्रकार मंडळी 'फिल्टर' म्हणतात. फिल्टर म्हणजे गाळणी. मराठीच्या मास्तराला साहजिकच प्रश्न पडतो, ही गाळते तरी काय? फिल्मच्या काळी याला उत्तर होते. अतिनील किरणांमुळे दूरचे डोंगर निळसर, धुरकट उमटत. त्याला ही काच आळा घाली. आजच्या डिजिटल कॅमेऱ्यात तो बंदोबस्त सेन्सरपुढेच केलेला असतो. म्हणजे गाळणीची आता नुसती गवसणी झाली!

माझा एक जुना विद्यार्थी वसईत लग्नांचे फोटो काढतो. कर्ज काढून त्याने नवी लेन्स घेतली. "सर, काच ठेवू की काढू?" म्हणून विचारायला आला. (मला या गोष्टीचा नाद आहे, हे त्याला ठाऊक.) हप्ते त्याचे, तेव्हा उत्तर जपून देणे भाग होते.

१७३९ साली चिमाजी अप्पांनी घेतलेल्या किल्ल्याच्या तटाला टेकून हल्ली भावी वधूवर फोटो काढून घेतात, आणि मग सुरुचीच्या किनाऱ्यावर जातात. तिथे खारा वारा आणि वाळू. भिंग सदऱ्याने पुसावे, तर वाळूचा कण ओरखडा काढणार. तिथे काच हवीच; ती काढून धुता तरी येते. काही महागड्या लेन्सा तर फिल्टर लावल्याशिवाय पाण्यापासून पुऱ्या सुरक्षित होत नाहीत, असे खुद्द बनवणारेच सांगतात.

पण चर्चमधले लग्न असले की प्रकार निराळा. वेदीवरच्या मेणबत्त्यांचा उजेड त्या सपाट काचेवरून आतल्या आत परततो, आणि फोटोत समोरच्या बाजूला उलटी, भुताटकीची मेणबत्ती उमटते. ती वधूच्या गालावर आली तर? ते लग्न काही पुन्हा लागत नाही. तंबोऱ्याची गवसणी गाताना काढतात, तसे इथे करावे.

राहिला धक्क्याचा प्रश्न. पातळ फिल्टर फुटला की "लेन्स वाचली" म्हणून लोक हात जोडतात. पण तेवढ्या धक्क्याने पुढचे जाड भिंग फुटलेच असते, असे नाही. त्यासाठी हूड बरा.

आमच्या पावसाळ्यात आत बुरशी धरते, तिथे मात्र फिल्टर काय करणार? हवाबंद डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या हव्यात. हे त्याने लगेच मनावर घेतले. घरी एक डबा रिकामाच आहे म्हणाला, सुक्या बोंबलांचा. धुऊन चालेल का, विचारीत होता!