सहा महिन्यांत सोनोग्राफी?

बारावीचा निकाल लागला की आमच्या घरी लोकांची ये-जा वाढते. मी उर्दू शाळेत मराठी आणि उर्दू शिकवते. विज्ञानाशी माझा संबंध नववी-दहावीची पुस्तकं चाळण्यापुरता. पण मोहल्ल्यात बी.एड. झालेली बाई म्हणजे तिला सगळं माहीत असणार, असा लोकांचा समज आहे. परवा एक अम्मी आपल्या लेकीला घेऊन आली. तिच्या हातात गुळगुळीत कागदाचं माहितीपत्रक होतं. त्यावर निळ्या कपड्यातली एक परदेशी तरुणी, हातात सोनोग्राफीचा प्रोब, समोर पडदा. खाली मोठ्या अक्षरांत : अल्ट्रासाऊंड टेक्निशियन डिप्लोमा. कालावधी सहा महिने. बारावी कोणत्याही शाखेची चालेल. नोकरीची शंभर टक्के हमी. फी साठ हजार, दोन हप्त्यांत.

अम्मी म्हणाली, "टीचर, औरतों का काम है, मर्दों से वास्ता नहीं. इसके अब्बा भी राजी हैं. आप बस हाँ बोलो."

मला हो म्हणता आलं नाही. कारण चार वर्षांपूर्वी अशाच एका मुलीला मी हो म्हटलं होतं.

ती माझी विद्यार्थिनी. कला शाखेतून बारावी झालेली, हुशार, अक्षर मोत्यासारखं. घरचे लग्नाच्या गोष्टी करू लागले होते. तेव्हा तिने असंच एक माहितीपत्रक आणलं आणि मी तिच्या अब्बांना समजावलं की मुलीला शिकू द्या, स्वतःच्या पायावर उभी राहील. आईने कानातलं मोडलं, फी भरली. सहा महिन्यांत तिला इंग्रजीतल्या झेरॉक्स नोट्स मिळाल्या, दोनदा एका सेंटरमध्ये नेऊन लांबून यंत्र दाखवलं आणि शेवटी रंगीत प्रमाणपत्र दिलं. नोकरीही मिळाली, महिना सहा हजारांची. काम काय? बायकांची नावं पुकारायची, पाणी पिऊन बसा म्हणून सांगायचं, फॉर्म भरायचे, पोटावर जेल लावायचं, तपासणी झाली की पुसायला कागद द्यायचा. यंत्राला हात लावायचा नाही.

ती म्हणायची, "टीचर, होईल हळूहळू." मग एका रात्री तिचा फोन आला. सेंटरमध्ये गर्दी होती, डॉक्टर दुसरीकडे अडकले होते. त्यांनी तिला सांगितलं, दोन पेशंटचं तू बघून ठेव, मी येऊन सही करतो. तिने भीतीने पोट दुखतंय म्हणून घर गाठलं होतं. मला विचारत होती, "टीचर, मी चुकले का? उद्या काय सांगू?"

त्या रात्री मी पहिल्यांदा या विषयातला कायदा वाचायला घेतला. जे मी आधीच करायला हवं होतं, ते तेव्हा केलं.

गर्भलिंगनिदान रोखणारा केंद्राचा कायदा १९९४चा. १ जानेवारी १९९६ पासून तो लागू झाला आणि २००३मध्ये त्यात दुरुस्ती होऊन तो आणखी कडक झाला. सोनोग्राफी कोणी करायची, हे या कायद्याखालच्या नियमांत ठरलेलं आहे : स्त्रीरोगतज्ज्ञ, रेडिओलॉजिस्ट, किंवा या कामाचं ठरलेलं प्रशिक्षण घेतलेला नोंदणीकृत डॉक्टर. एमबीबीएस डॉक्टरसाठी हे प्रशिक्षण २०१४च्या नियमांनी ठरवून दिलं : सहा महिने, ३०० तास. माहितीपत्रकांतले 'सहा महिने' बघितले की मला हे आठवतं. कायद्यातले सहा महिने एमबीबीएसच्या साडेपाच वर्षांनंतरचे आहेत. बारावीनंतरचे नाहीत.

म्हणजे त्या मुलीने त्या दिवशी डॉक्टरचं ऐकलं असतं, तर ती कायद्याच्या नजरेत गुन्ह्याच्या कामात सामील झाली असती. या कायद्याखाली पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड आहे. पुन्हा केला तर पाच वर्षं आणि पन्नास हजार. सहा हजारांच्या नोकरीसाठी.

मग हे 'अल्ट्रासाऊंड टेक्निशियन' आलं कुठून? ते खोटं नाही, फक्त इथलं नाही. अमेरिका, कॅनडा, इंग्लंडमध्ये सोनोग्राफर हा स्वतंत्र पेशा आहे. तिथे बहुतेक वेळा यंत्र सोनोग्राफर चालवतो, चित्रं घेतो, आणि डॉक्टर ती वाचून निदान करतो. त्यासाठी तिथे साधारण दोन ते चार वर्षं शिकावं लागतं, रुग्णालयात हाताखाली काम करावं लागतं, परीक्षा द्यावी लागते. अमेरिकेत ही परीक्षा घेणारी नोंदणी संस्था १९७५पासून आहे. आमच्या मुली मोबाइलवर तिथले व्हिडिओ बघतात, तिथले पगार बघतात. इथले क्लासवाले तिथला फोटो छापतात आणि इथली फी घेतात. फोटोतली बाई खरी, फीसुद्धा खरी, मधला रस्ता मात्र नाही.

आता कोणी म्हणेल, मग कायदाच चुकीचा. तिकडे चालतं तर इकडे का नको? मीही सुरुवातीला चिडून हेच म्हटलं. पण आपल्या महाराष्ट्राचा इतिहास आठवा. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात पहिला कायदा आपल्याच राज्याने केला, १९८८मध्ये. का करावा लागला? कारण इथेच ते सर्रास चालू होतं. आणि कायदे होऊनही २००१च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे ९१३ मुली होत्या, २०११मध्ये ८९४ उरल्या. मुतखडा दाखवणारं यंत्रच गर्भही दाखवतं. म्हणून कायदा यंत्राच्या मागे लागला. प्रत्येक यंत्राची नोंदणी, प्रत्येक गरोदर बाईचा 'एफ' फॉर्म, भिंतीवर पाटी, आणि प्रोब कोणाच्या हातात याची जबाबदारी. आपल्यात काही जण म्हणतात, हे आपल्याकडे होत नाही. सूरह तकवीरमध्ये जिवंत पुरलेल्या मुलीचा उल्लेख आहे, हे आपण जुम्म्याच्या बयानात ऐकत आलोय. पण तिसरीही मुलगीच झाली म्हणून सुनेशी अबोला धरणारी घरं माझ्या मोहल्ल्यातही आहेत. तेव्हा हा कायदा दुसऱ्यांसाठी आहे, असं मला म्हणवत नाही. तो आमच्या मुलींसाठीही आहे. फक्त त्याच मुलींना कायदा न सांगता कोणी साठ हजार घेत असेल, तर त्याच्याशी भांडलं पाहिजे.

२०२१मध्ये केंद्राने डॉक्टर आणि नर्स सोडून इतर आरोग्य व्यावसायिकांसाठी एक वेगळा कायदा केला. त्याच्या यादीत इमेजिंगच्या रांगेत सोनोग्राफरचंही नाव आहे. क्लासवाले आता तेही दाखवतात. पण १९९४चा कायदा जागचा हललेला नाही. आणि याच २०२१च्या कायद्यात हेही लिहिलंय की सहाय्यक आरोग्य व्यावसायिक व्हायला किमान २,००० तासांचा, दोन ते चार वर्षांत विभागलेला डिप्लोमा किंवा पदवी लागते. सहा महिन्यांत रोज तीन तास, आठवड्याचे सहा दिवस गेलात तरी ४७० तासांच्या आसपास होतात. हे गणित करायला विज्ञान शिक्षक लागत नाही. ते मी त्या अम्मीला माहितीपत्रकाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर करून दाखवलं.

ती गप्प झाली. मग म्हणाली, म्हणजे टीचर, हॉस्पिटलचं काम आमच्या मुलींना नाहीच?

आहे, आणि भरपूर आहे. ते सांगण्यासाठीच हे लिहितेय.

एक्स-रे, सीटी स्कॅन, एमआरआय ही यंत्रं आपल्याकडे टेक्निशियनच चालवतात. पेशंटला नीट झोपवणं, कोन जमवणं, किरणांचं प्रमाण ठरवणं, चित्र घेणं, हे सगळं त्यांचं काम. निदान डॉक्टरचं. त्यासाठी रेडिओग्राफी किंवा मेडिकल इमेजिंग टेक्नॉलॉजीचे पदवी आणि डिप्लोमा अभ्यासक्रम आहेत. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे पॅरामेडिकल पदवी अभ्यासक्रम आहेत. वेळ जास्त लागतो आणि विज्ञान शाखा लागते, पण शेवटी हातात कायद्याला चालणारं काम असतं.

लोकांना किरणांची भीती वाटते, विशेषतः मुलींच्या बाबतीत. "पुढे बाळ होणार नाही" असंही एका आजीने मला सांगितलं. तर एमआरआयमध्ये एक्स-रे नसतातच, तिथे चुंबक असतं. एक्स-रे आणि सीटीचं काम करणाऱ्याच्या छातीवर एक छोटा बिल्ला असतो. किती किरण अंगावर आले, ते दर तीन महिन्यांनी त्यावरून मोजतात. वर्षाला सरासरी २० मिलिसिव्हर्ट ही मर्यादा आहे. नियम पाळून काम करणारा काचेमागे किंवा शिशाच्या ॲप्रनमागे उभा असतो. टेक्निशियन बाई गरोदर राहिली तर तिने कळवायचं असतं आणि तिच्यासाठी मर्यादा आणखी खाली येते. म्हणजे धोका मोजला जातो. भट्टीपुढे आणि चुलीपुढे उभ्या राहणाऱ्या आपल्या बायकांचा धूर कोणी मोजत नाही.

राहिला 'औरतों का काम' हा मुद्दा. मला हा शब्द पूर्वी खटकायचा. आता मी त्याचा उपयोग करते. भारतीय बायकांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा कॅन्सर स्तनांचा आहे. त्याच्या तपासणीसाठी मॅमोग्राफी करतात. तोही एक्स-रेच. त्यात स्तन दोन पट्ट्यांमध्ये ठेवून काही सेकंद दाबावा लागतो आणि नीट चित्र यायचं तर टेक्निशियनला तो स्वतःच्या हाताने ठेवावा लागतो. समोर पुरुष टेक्निशियन दिसला की किती बायका दारातून परत जात असतील? फक्त बुरख्यातल्या नव्हे, सगळ्याच. माझ्या स्वतःच्या मावशीने गाठ आठ महिने लपवली. कुणाला दाखवू, हाच तिचा प्रश्न होता. सोनोग्राफीचा प्रोब आमच्या मुलीच्या हाती कायद्याने येत नाही. पण ही खोली तिची वाट बघतेय. इथे तिचं बाई असणं ही सवलत नाही, गरज आहे. हे तिच्या अब्बांना सांगितलं तर कळतं. मी सांगून बघितलंय.

अडचण कुठे आहे, तेही सांगते. दहावीनंतर आपण मुलींना विज्ञानापासून लांब ठेवतो. आमच्या भागात उर्दू माध्यमातून अकरावी विज्ञान नाही. कॉलेज लांब, बस बदलायची, म्हणून कला शाखा. मग बारावीनंतर दारं बंद झालेली दिसतात आणि सहा महिन्यांचं दार तेवढं उघडं दिसतं. दुसरी अडचण भाषेची. नववीच्या विज्ञानात ध्वनीच्या धड्यात सोनोग्राफी आहे. आमची मुलगी प्रतिध्वनीला 'बाजगश्त' म्हणून शिकते, शेजारच्या मराठी शाळेतली 'प्रतिध्वनी' म्हणून, आणि कॉलेजात दोघींना 'इको' भेटतो. कल्पना तिघांत एकच : आवाज पाठवायचा, परत आलेला ऐकायचा. शब्द बदलला म्हणून मुलगी घाबरते आणि आपण समजतो तिला विज्ञान जमत नाही. यंदापासून मी माझ्या मराठीच्या तासाला नववीच्या मुलींकडून एक वही करून घेतेय : एका ओळीत उर्दू शब्द, मराठी शब्द, इंग्रजी शब्द. भाषेच्या शिक्षिकेला एवढं तर जमायला हवं.

आणि पालकांसाठी चार प्रश्न. फी भरण्याआधी लेखी उत्तर मागा. प्रमाणपत्र कोणत्या विद्यापीठाचं किंवा शासकीय मंडळाचं? ते दाखवून राज्याच्या पॅरामेडिकल कौन्सिलमध्ये नोंदणी होते का? प्रात्यक्षिक कोणत्या रुग्णालयात, किती तास? आणि हे शिकून माझी मुलगी नक्की कोणतं यंत्र स्वतः चालवू शकेल? चौथ्या प्रश्नावर जो विषय बदलेल, त्याच्याकडून चहासुद्धा घेऊ नका. पैशांची अडचण असेल तर मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाची शैक्षणिक कर्ज योजना आहे. तिथे चौकशी करा. मान्यताप्राप्त कोर्स असेल तर कर्जाचा अर्ज करता येतो, झेरॉक्स नोट्ससाठी नाही.

माझी ती जुनी विद्यार्थिनी दुसऱ्या दिवशी सेंटरला गेली आणि डॉक्टरांना म्हणाली, मी यंत्राला हात लावणार नाही. महिनाअखेर तिची नोकरी गेली. आज ती एका मेडिकल दुकानात बसते. भेटली की मला दोष देत नाही, उलट दुवा मागते. त्याचंच मला जास्त लागतं. सच्चर समितीचा अहवाल २००६मध्ये आला, तेव्हापासून 'मुलींना शिकवा' हे आपण सगळे ओरडून सांगतोय. कुठे शिकवा, काय शिकवा, हे बघायला मात्र आपण वेळ काढला नाही. त्यात मीही आले.

परवाच्या मुलीची बारावी सुदैवाने विज्ञानाची आहे. माहितीपत्रक तिची अम्मी माझ्याकडेच ठेवून गेली. पदवीच्या प्रवेशाचा फॉर्म भरायला सोमवारी आम्ही तिघी जाणार आहोत. तिच्या अब्बांनी बसभाडं दिलंय.